बामवालीचा आवाज

आत्या, तू गेलीस आणि तुझ्या जलदानाला किती माणसं आली म्हणून सांगू! आपल्या वॉर्डातल्या विहाराचं अंगण भरलं, मग रस्ता भरला, मग समोरच्या सायकलवाल्याने दुकान आवरून तिथेही सतरंजी टाकली. लालबर्ऱ्याची माणसं, खैरलांजीची माणसं, परसवाड्याहून तर अख्खी बस भरून. आणि गंमत ऐक. अशा वेळी लोक नाव सांगतात, गाव सांगतात, नातं सांगतात. तुझी माणसं काय सांगत होती? दुखणं!

"मी दाढवाला," एक जण मला हात जोडून म्हणाला.

"माही कंबर होती," त्याच्या मागची बाई म्हणाली.

"मले पित्ताचा तरास. बाईनं सांगतलं, आधी उपाशी पोटी चहा बंद कर, मंग गोळी माग."

एका म्हाताऱ्याने तर वंदना चालू असताना धोतर वर सारून बाबांना आपला गुडघा दाखवला. "हा पाहा, हा तुमच्या बहिणीनं चालता केला." भंतेजींचे डोळे मिटलेले होते म्हणून बरं. मला हसू आवरेना. पांढरी साडी नेसलेली मी, तुझी लाडकी भाची, तोंडाला पदर लावून हसतेय. बाबा कानाशी येऊन म्हणाले, "पिंकी, लोकं पाहून राह्यले." पण आत्या, त्यांचाही आवाज हसण्याने थरथरत होता. मग दोघंही रडलो. तुझ्या बाबतीत हे असंच होणार होतं.

पेपरात द्यायला चार ओळी लिही म्हणून बाबांनी मला बसवलं. जन्म कुठला, शिक्षण काय, मागे कोण कोण. मी एक ओळ लिहिली आणि कागद बाजूला ठेवला. तुझ्याविषयी लोकांना काय सांगू? तुलाच सांगते.

तुला माईक कसा मिळाला, ती गोष्ट तू मला इतक्या वेळा सांगितलीस की मी तिथे होते असंच मला वाटतं. आतोबा गेल्यावर तू भंडाऱ्याकडून माहेरी, बालाघाटला परत आलीस. लोकांच्या घरची धुणीभांडी करायची नाहीत आणि भावाच्या जिवावर बसून खायचं नाही, एवढंच तुझं ठरलेलं होतं. लालबर्ऱ्याच्या बाजारात कांदे घेत होतीस. शेजारी एका औषध कंपनीची जीप उभी, टपावर भोंगे, आणि एक बारकासा माणूस माईकवर खोकल्याचं औषध विकत होता. विकता विकता त्यालाच खोकल्याची उबळ आली. भोंग्यातून सगळ्या बाजाराला त्याचा खोकला ऐकू गेला. लोक पोट धरून हसायला लागले. तू कांद्याची पिशवी खाली टेकवलीस, त्याच्या हातातून माईक घेतलास आणि म्हणालीस, "हासता काय? ज्याले खोकला मालूम, त्यालेच औषध मालूम! बिना खोकल्याचा मानूस काय सांगन तुमाले?"

त्या दिवशी जीपमधल्या सगळ्या बाटल्या खपल्या. पुढच्या बाजाराला तू जीपमध्ये होतीस आणि तो बारकासा माणूस घरी, गरम पाण्याच्या गुळण्या करत.

आणि मग आमच्या सुट्ट्या! बाकीच्या पोरी मामाच्या गावाला जायच्या, मी तुझ्या जीपमध्ये. खोक्यांच्या मध्ये अंग चोरून बसायचं. हिरव्या डबीतला बाम, लवंगतेल, लाल बाटलीतलं पाचक, गुलाबी दंतमंजन. उन्हात जीप तापली की सगळ्या वासांचा मिळून एकच वास व्हायचा आणि डोळ्यांतून पाणी यायचं. तू कपाळाला पदर गुंडाळायचीस, घसा खाकरायचीस आणि सुरू!

"आओ बहन, आओ भैया! डोस्कं दुखते? लावा! कंबर दुखते? लावा! नवरा दुखवते? नवऱ्याले लावा, डोळ्याले लावा, मंग पाहा कसा नाचते!"

बाया लाजायच्या आणि विकत घ्यायच्या. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, मधेच पोवारी बोलीतला एखादा टोमणा. तुझ्याएवढं बोलणारी बाई मी जिल्ह्यात पाहिली नाही. सरळ बोलून कोणाचं काही विकलं जातं यावर तुझा विश्वासच नव्हता.

नवरदेवाची गोष्ट मी जलदानाच्या दिवशी पुन्हा सगळ्यांना सांगितली. लालबर्ऱ्यालाच ना? वरात निघालेली आणि नवरदेव गाडीत गाल धरून रडवेला. अक्कलदाढ. त्याचा भाऊ धावत तुझ्याकडे आला. तू कापसाचा बोळा लवंगतेलात भिजवलास, चांगला सढळ हाताने, आणि त्याच्या तोंडात कोंबलास. दुखणं थांबलं. नवरदेव खुशीत, वरात खुशीत, तुला लग्नाचं जेवायला बोलावलं, सोबत मी. मग मांडवात प्रतिज्ञा म्हणायची वेळ आली आणि त्याची जीभच उचलेना! अर्धं तोंड बधिर. भंतेजी म्हणत होते एक, त्याच्या तोंडून निघत होतं भलतंच. नवरीला आधी भीती वाटली, मग तिला हसू फुटलं, मग सगळ्या मांडवाला. तू मात्र मागे बसून मान ताठ ठेवलीस. "दाढ दुखते काय त्याची आता?" मला विचारलंस. "नाही." "मंग? मी दाढेचं औषध देल्लं, भाषणाचं नाही."

मी डी.फार्मला गेले आणि आपलं भांडण सुरू झालं. ते अजून संपलेलं नाही, आत्या, लक्षात ठेव.

मी पहिल्या सुट्टीला घरी आले ती पुस्तक घेऊनच. तुला म्हटलं, "तुझ्या बामानं नाक उघडत नाही. त्यातल्या पुदिन्याच्या अर्कानं आत गार लागतं, म्हणून उघडल्यासारखं वाटतं. नाक तेवढंच बंद असतं."

तू भाकर थापत होतीस. थापता थापता थांबलीस. "वाटते ना पन?"

"वाटतं."

"मंग त्या मानसाले झोप लागते का नाही?"

"लागते. पण..."

"मंग तुह्या पुस्तकात झोपेचं काय लेहलं?"

मी पाय आपटले. दुसऱ्या दिवशी मला सर्दी झाली आणि तू न बोलता माझ्या उशाशी हिरवी डबी आणून ठेवलीस. मी लावली नाही. हट्टाने लावली नाही, आणि सगळी रात्र तोंडाने श्वास घेतला. सकाळी तू पाणी तापवून वाफ घ्यायला लावलीस आणि वर म्हणालीस, "पुस्तक ठेवू का उशाले?"

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मग शक्करकाट आलं.

कंपनीने नवा माल पाठवला होता. पिवळा डबा, वर सिंहाचं चित्र, आत कारल्याच्या वासाची भुकटी. शुगरवाल्यांसाठी. सोबत बोलायची ओळ छापून आलेली: शक्करकाट सुरू, गोळी बंद, इंजेक्शन बंद. गाण्याचा पेन ड्राइव्हही आला होता. मी जीपमध्ये बसून तो डबा उलटसुलट केला आणि म्हटलं, "आत्या, बाकी काहीही बोल. पण इंजेक्शन बंद करा असं नको म्हणू. एखाद्याच्या जिवावर बेतेल."

"कंपनीत काय तुह्यापेक्षा कमी शिकलेले बसले?"

"आत्या, खरंच सांगते."

"बामाचंही तू खरंच सांगत होती." आणि तू माईक हातात घेतलास.

तो माल असा उडाला की मॅनेजरने तुला घरी फोन करून शाबासकी दिली. तू खूश होतीस. बाबांसमोर तीच ओळ तालात म्हणून दाखवलीस. मी जेवणाच्या ताटावरून उठले. आपण दोघी काही दिवस एकमेकींशी बोललो नाही, आणि एवढ्याशा घरात न बोलणं तुला जमत नव्हतं. शेवटी तूच म्हणालीस, "चाल, उद्या परसवाडा आहे. खोक्यावर बसून तोंड फुगवजो."

तो दिवस, आत्या.

बाजार ऐन रंगात होता. तुझ्याभोवती गर्दी. एक मध्यम वयाचा माणूस गर्दीतून वाट काढत पुढे आला, हातात शक्करकाटचा रिकामा डबा. तू त्याला ओळखलंस. सुखराम, जवळच्याच खेड्यातला. त्याची बायको फुलवंता तुझ्याकडून डबा घेऊन गेली होती. असा परत आलेला माणूस म्हणजे तुझ्यासाठी चालती-बोलती जाहिरात. तू माईक त्याच्या तोंडापुढे धरलास.

"सांगा भाऊ, सर्वाईले सांगा. कसं वाटून राह्यलं फुलवंताबाईले?"

"अजून एक डबा द्या बाई," तो म्हणाला. "कालपासून बोलून नाही राह्यली. डोळे उघडते, झाकते. थोडं जादा देऊन पाहतो."

ते सगळं भोंग्यातून गेलं. मिरच्यांच्या ढिगापर्यंत, बैलांच्या बाजारापर्यंत. सगळा बाजार ऐकत होता.

तू विचारलंस, हळू, पण माईक चालूच होता: "इंजेक्शन?"

"तुमीच त सांगतलं, बंद करा. त्याच दिवशी बंद केलं."

तो चिडलेला नव्हता, आत्या. तो तक्रार करायला आला नव्हता. त्याने खिशातून घडी केलेल्या नोटा काढल्या होत्या. तो आणखी एक डबा न्यायला आला होता. मी तुझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला तुझ्यावर रागावणं जमेना.

"रमेश, गाडी काढ," तू ड्रायव्हरला म्हणालीस.

"माल मांडला आहे ना बाई..."

"राहू दे माल!"

आपण निघालो. टेबल, डबे, बाटल्या तिथेच. सुखराम पुढे, रस्ता दाखवत. फुलवंता अंगणात खाटेवर होती. ओठ सुकून पापुद्रे आलेले, श्वास खोल आणि भराभर, हाक मारली की डोळे उघडायचे पण पाहायचे नाहीत. तिला उचलून खोक्यांच्या मध्ये निजवलं. तिचं डोकं तुझ्या मांडीवर. परसवाड्याच्या दवाखान्यात सलाईन लावलं, शुगर पाहिली आणि डॉक्टर म्हणाले, ताबडतोब बालाघाटला न्या. अँब्युलन्स नुकतीच एका बाळंतिणीला घेऊन गेलेली. नर्स म्हणाली, "जीप आहे ना? चला, मी बसते."

मी सलाईनची बाटली वर धरून उभी, टपाला डोकं आपटतंय. आणि तू! तू माईक हातात घेतलास. ज्या आवाजाने तू नवऱ्यांची टिंगल करायचीस त्याच आवाजात ओरडायला लागलीस, "बाजू व्हा! बाजू व्हा भाऊ! ट्रॅक्टरवाले भैया, साइड दो! बीमार है! अवं माय, ते गाय हाकल ना!" आणि रस्ता उघडत गेला. ट्रक कडेला जात होते. सायकलवाले खाली उतरत होते. एका वळणावर रमेशचा हात कुठल्यातरी बटणावर पडला आणि भोंग्यातून गाणं सुरू झालं: शक्करकाट, शक्करकाट... तिला घेऊन जाताना! तू वाकलीस, पेन ड्राइव्ह उपटलास आणि खिडकीतून भाताच्या बांधीत भिरकावलास. नर्स तुझ्याकडे बघत राहिली. तू पुन्हा माईक तोंडाला लावलास. "बाजू व्हा!" बालाघाट येईपर्यंत तुझा घसा फुटला होता, तरी तू थांबली नाहीस.

फुलवंता वाचली. हे मी तुला कितीदा म्हटलं, तरी तू ते पूर्ण ऐकून घेतलं नाहीस. शुद्धीवर आल्यावर ती तुला जे म्हणाली तेवढंच तू ऐकलंस. "मी डॉक्टरचं नाही ऐकलं, बाई. तुहं ऐकलं." रागाने नाही, साधंच म्हणाली ती. घरी येताना तू रिक्षात माझ्याकडे न बघता विचारलंस, "पिंकी, मी किती बाजारात बोलली असन गं हे?" मी बोटांवर बाजार मोजायला लागले, आणि बोटं संपली.

मला वाटलं, तू आता घरात बसशील. तोंड लपवशील. मीही तेच केलं असतं. पण पुढच्या बाजाराला तू रोजच्यासारखी तयार झालीस आणि जीपची वाट पाहिलीस. त्या दिवशी मॅनेजरही आला होता, खप स्वतः बघायला, शर्टाला इस्त्री. परसवाड्याला तू नेहमीसारखी गर्दी जमवलीस. नवऱ्याची टिंगल केलीस, सासूची केलीस. माणसं जमली. आणि मग तू पिवळा डबा वर धरलास.

"हे पाहा. हे शक्करकाट. मी तुमाले सांगतलं, हे घ्या आन् इंजेक्शन बंद करा. मी खोटं सांगतलं. मले मालूम नोहतं आन् मी सांगतलं. ज्यानं ज्यानं इंजेक्शन बंद केलं त्यानं आजच चालू करा. गोळी बंद केली त्यानं आजच दवाखान्यात जा. ते फुलवंता मरता मरता वाचली..."

मॅनेजर धावला. त्याने वायर खेचली. भोंगा चरचरला आणि बंद झाला. तू एक क्षण हातातल्या मुक्या माईककडे पाहिलंस. मग तो खाली ठेवलास, चप्पल काढलीस आणि जीपच्या बॉनेटवर चढलीस! त्या वयात, त्या साडीत! मी खालून तुझे पाय घट्ट धरले. वर तुझा आवाज असा फुटला की भोंग्याची गरजच नव्हती.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका म्हातारीने तुला आईवरून शिव्या दिल्या. कोणीतरी डबा फेकून मारला, तो बॉनेटवर आदळला आणि पिवळी भुकटी तुझ्या साडीवर उडाली. एक जण ओरडला, "मंग हा बाम बी खोटा का?"

तू त्याच्याकडे बोट केलंस. "बाम खरा! पन बाम बामाएवढाच खरा!"

आत्या, मी कॉलेजात जे शिकले ते सगळं या एका वाक्यात बसतं.

जीप त्याच दिवशी गेली, नोकरी गेली. पण तू थांबली नाहीस. लालबर्ऱ्याला बसने गेलीस, खैरलांजीला बाबांच्या मोटारसायकलवर मागे बसून. जिथे जिथे ती ओळ म्हटली होतीस तिथे तिथे जाऊन उलटी ओळ म्हणून आलीस, बिनमाईकची. आणि मग एकदम गप्प झालीस. तुझं गप्प होणं आम्हाला सहन होईना. बाबा मुद्दाम तुझ्यासमोर खोकून दाखवायचे. तू उठून त्यांना गरम पाणी द्यायचीस आणि पुन्हा बसायचीस.

तुला उठवलं फुलवंताने. तपासणीला बालाघाटला आली आणि विचारत विचारत घरी पोहोचली. डोक्यावर भाजीची टोपली तशीच.

"बाजारात काहून येऊन नाही राह्यली तू?"

"कोन्त्या तोंडानं येऊ?"

"याच तोंडानं ये. माह्या पोरीची दाढ दुखते, तिले कोन पाहीन? मी भाजी घेऊन बसतच असते तथी. माह्या बाजूले बस."

ज्या बाईला तुझ्या शब्दाने मरणाच्या दारात नेलं, तीच तुला हाताला धरून बाजारात घेऊन गेली. गोणपाट अंथरलंस. हिरव्या डब्या, लवंगतेल, पाचक, आणि माझ्या दुकानातून जुलाबावर पाण्यात कालवून द्यायच्या जीवनरक्षक घोलाची पाकिटं. तोवर बसस्टँडजवळ माझं मेडिकल सुरू झालं होतं. आणि फुलवंता! ती तुझी जाहिरात झाली, पण कशी? कोणी शुगरचं औषध मागितलं की मेथीची जुडी बाजूला ठेवायची आणि दंडावरचा पदर सारायची. "हे पाहा, सुई टोचतो मी. हिच्या नादी लागून सोडली होती, मेली असती. हीच ते बाई! ईचारा तिले!" आणि तू मान हलवायचीस, "हौ, मीच ते." लोक आधी चमकायचे, मग हसायचे, मग तुमच्या दोघींच्या मधोमध बसून आपलं दुखणं सांगायचे.

मग तू बाजारात म्हणायचीस ती यमकं कोणी बसवली, तू की मी, हेही आपलं भांडण राहिलंच. खोकला, ताप, कळ यांत दवाखान्यात कधी पाठवायचं ते मी तुला शिकवलं, हे खरं. पण "छातीत कळ, दवाखान्यात पळ!" हे तुझंच. "ताप उतरेना, बाम पुरेना!" तेही तुझं. "थुंकीत दिसे रक्त, दवाखाना फक्त!" हे मात्र माझं आहे, आत्या, मी शपथेवर सांगते. तू सगळ्या बाजारात ते आपल्या नावावर खपवलंस.

तुझ्या त्या शेवटच्या दुपारीही आपण भांडलोच. तुझं नाक चोंदलं होतं. मी तुझ्या छातीला बाम चोळत होते आणि तू डोळे मिटून म्हणालीस, "उघडलं."

"वाटतंय," मी म्हटलं.

तू हसलीस. काहीतरी बोलणार होतीस. मला तुझं उत्तर ऐकायचं होतं, मी तयार होते, माझ्याकडेही नवा मुद्दा होता. पण बाबा चहा घेऊन आले आणि विषय निघून गेला. तुझं ते वाक्य कुठे असेल आता? मी रोज स्वतःच्या मनाने एक बनवते, आणि ते तुझ्याइतकं तिखट होत नाही.

आणि एक मी तुला कधी म्हटलं नाही. म्हणायची गरजच वाटली नाही, रोजच तर भेटत होतो. बॉनेटवर उभ्या असलेल्या बाईचे पाय मी धरले होते, हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम आहे. दुकान, परवाना, भिंतीवरचा डिप्लोमा, सगळं त्याच्या नंतर.

काल परसवाड्याचा बाजार होता. फुलवंताचा सकाळीच फोन. "पिंकी, जे जलदानाले नोहते आले ते लोकं ईचारून राह्यले. मले सांगता येत नाही. तू ये." मी दुकान बाबांवर सोपवलं, थैलीत थोड्या डब्या टाकल्या आणि बसमध्ये बसले. तुझ्या जागेवर गोणपाट अंथरलेलं होतं, फुलवंताने. रिकामं. भोवती माणसं उभी, कोणी बसेना. मी सांगितलं. काही बायांनी डोक्यावर पदर घेतला. एका माणसाने टोपी काढली. शेजारच्या बांगडीवाल्याने आपलं रेडिओचं गाणं बंद केलं.

मग मागून एका बाईचा आवाज आला. कडेवर पोर असणार, कारण मधेच ते खोकलं. "मंग आता मले कोन सांगन? या पोरीचा खोकलाच जाऊन नाही राह्यला."

मी काउंटरवरची बाई आहे, आत्या. माझ्याकडे गिऱ्हाईक एक एक करून येतं, मध्ये काच असते, आणि मी सगळ्यांशी हिंदीत बोलते, हळू आवाजात, नाव विचारून. गर्दीपुढे मी आयुष्यात कधी बोलले नाही. मी विचारलं, "किती दिवसांपासून आहे?"

"आवाज येऊन नाही राह्यला!" मागून कोणीतरी ओरडलं.

फुलवंताने भाजीचं रिकामं खोकं उपडं केलं आणि माझ्या पायाशी सरकवलं. मी चढले. तिथून पाहिलं तर माणसंच माणसं, मिरच्यांच्या ढिगापर्यंत, त्याच्याही पलीकडे, आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. पहिलं वाक्य फाटलं. दुसरं जरा निघालं. तिसऱ्याला माझा मलाच धक्का बसला, कारण आवाज मोठा होता आणि बोली घरची होती.

"किती दिसाचा खोकला हाय, वो बाई? पोरगी खाते-पिते का? ताप येते का? हिकडे आना तिले, पुढं आना, वाट द्या तिले! आन् मागच्याहो, तुमाले ऐकू येऊन राह्यलं का?"

"हौ!" सगळा बाजार म्हणाला.